फणीचं वाण

सोमवार, ६ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, राग आला की गिळू नका आणि कोणावर काढूही नका, वहीत लिहा. रक्तदाब आटोक्यात राहील. म्हणून ही वही. पहिलाच दिवस आणि लिहायला भरपूर आहे.

आज माझ्या तिसरीच्या वर्गात ऊ सापडली. गणिताच्या तासाला प्राची डोकं खाजवत होती. चार वेळा सोडून दिलं. पाचव्यांदा खडू ठेवला, तिच्या बाकापाशी गेले आणि दोन पेन्सिलींनी केस बाजूला केले. कानामागे चांगली टपोरी ऊ निवांत चालली होती. मी म्हणाले, "अगं, तुझ्या डोक्यात ऊ आहे." जरा मोठ्याने म्हणाले असेन. माझा आवाजच तसा आहे. दुसऱ्या मजल्यावरून शिपाई गुणाजीमामांना हाक मारली तर काळाचौकीच्या नाक्यावर चारजण मागे वळून बघतात. सगळा वर्ग हसला. प्राची खाली बघत राहिली.

तिला मागच्या, खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवलंय. पंधरा दिवस. दुसरा इलाजच नाही. ३० तारखेला 'सुंदर वर्ग' स्पर्धेचे तपासनीस यायचे आहेत आणि तीन वर्षं पहिला नंबर माझ्या वर्गाचा आहे. त्याचं मुख्य कारण माझा स्वच्छता कोपरा. आरसा, साबण, नॅपकिन, नेलकटर आणि सुतळीने खिळ्याला बांधलेला कंगवा. सकाळी वर्गात शिरणारी प्रत्येक मुलगी आधी तिथे केस नीट करते आणि मग जागेवर बसते. मी स्वतःसुद्धा करते. आपण करून दाखवल्याशिवाय मुलं शिकत नाहीत. प्राचीला मात्र त्या कंगव्याला हात लावायची बंदी केली आहे.

तिची आई दमयंती लालबागच्या बाजारात मासे विकते. पहाटे उठून धक्क्यावर जायचं, मग दिवसभर बाजार. पोरीच्या डोक्याकडे बघायला तिला वेळ कुठला मिळणार?

हे लिहितानाही माझं डोकं खाजतंय. उवांचं नुसतं नाव काढलं तरी खाजतं. त्यातून दिवाळीत कणकवलीला भावाकडे जाऊन आले तेव्हापासून कोंडा झालाय. तिथल्या विहिरीचं पाणी मला सोसत नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

आजपासून रोज तपासणी. बारा मुली आहेत. नऊ मुलगे आहेत, पण त्यांचे केस इतके बारीक की तिथे ऊ राहायची म्हटली तरी उघड्यावर संसार. एकेक मुलगी टेबलापाशी बोलावली, मान खाली, पेन्सिली, चष्मा कपाळावर. चष्म्याशिवाय मला जवळचं नीट दिसतं, फक्त अगदी डोक्याला डोकं लावावं लागतं. मोजून बारा डोकी तपासली. प्राचीशिवाय आणखी दोघींकडे लिखा सापडल्या. प्राचीकडूनच गेल्या असणार.

गुरुवार, ९ जानेवारी

आमच्या मॉनिटरचं नाव पूर्वी. हुशार आहे पण जिभेला हाड नाही. प्राचीच्या बाकाला तिने 'उवांचं स्टेशन' असं नाव ठेवलं. मी तिला ओरडले. पण ओरडायच्या आधी मला हसू आलं आणि ते प्राचीने बघितलं. ते माझं चुकलंच.

शुक्रवार, १० जानेवारी

मधल्या सुट्टीत दमयंती आली. बाजारातून तशीच आली होती, रबरी चपला ओल्या. मी वर्गाच्या दाराशीच बोलले.

"बाई, पोरीच्या डोक्यात झालेल्या, खोटं नाय बोलणार. सोमवारीच औषध लावलं, रोज फणी फिरवते. आता एक पण नाय. तिला पुढे घ्या."

"पंधरा दिवस होऊ देत. नियम सगळ्यांना सारखा."

"बाकीच्या दोघींना कुठे मागे बसवलंत?"

मी म्हणाले, त्यांच्याकडे फक्त लिखा आहेत.

ती दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "सकाळी उठली की रडते बाई. पोटात दुखतं बोलते. माझगावला आमच्या घराच्या बाजूलाच इंग्लिश शाळा आहे, जूनचे फॉर्म निघाले. मी एक आणून ठेवलाय. मला तिला तुमच्याकडंच ठेवायचीय, म्हणून सांगायला आले."

"तुमची मर्जी," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. प्राची माझ्या वर्गातली सगळ्यात सुंदर अक्षराची मुलगी आहे. फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घेते. घ्यायचे. या आठवड्यात पूर्वी लिहितेय आणि तिच्या ओळी डोंगर चढतात.

सोमवार, १३ जानेवारी

कमाल झाली. बारापैकी सातजणींच्या डोक्यात उवा. नुसत्या लिखा नाहीत, चालत्याफिरत्या. रोज तपासते, कंगव्याशिवाय कोणाला वर्गात घेत नाही, तरी ही तऱ्हा. आणि गंमत म्हणजे प्राचीचं डोकं लख्ख. अर्धा तास शोधलं, एक लीखसुद्धा नाही.

याचा अर्थ एकच. वेगळं बसवायचा माझा उपाय लागू पडला. पण सात बाक वेगळे कुठून आणू?

मंगळवार, १४ जानेवारी

सुशांतने उशी उचलून हॉलमध्ये नेली. म्हणतो, मी घोरतो, तुझी झोप मोडते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आजवर त्याला हे सुचलं नव्हतं. वर चहा पिताना म्हणाला, "अनु, तू एकदा कोणाकडून तरी डोकं बघून घे."

मी म्हटलं, कोंडा आहे. लिंबू लावतेय. आणि ज्याच्या डोक्यावर एक केस उरला नाही त्याने मला केसांबद्दल शिकवू नये. हे गोड बोलायच्या दिवशी बोलले, पण तोही तिळगूळ खाताना कुठे गप्प बसला.

प्राचीने तिळगूळ दिला नाही. विसरली असेल.

गुरुवार, १६ जानेवारी

मला एक नामी कल्पना सुचली आहे. उद्या शाळेत पालक महिलांचं हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या नाहीतर साबण देतो. यंदा मी दादरला जाऊन फण्या आणल्या. दोन्ही बाजूंनी बारीक दातांच्या, चांगल्या घट्ट. वाण कसं उपयोगाचं हवं. प्रत्येक घरी फणी गेली की आठ दिवसांत उवांचा निकाल.

मोठ्या बाईंना दाखवल्या. आमच्या मुख्याध्यापिका फार सौम्य. फणी हातात उलटसुलट करून म्हणाल्या, "अनुजाबाई, वाईट नाही ना वाटणार कोणाला?"

मी म्हटलं, आरोग्याच्या गोष्टीत वाईट कसलं वाटायचं?

शुक्रवार, १७ जानेवारी

वाईट वाटलं.

पहिली पुडी पूर्वीच्या आईने उघडली. फणी बघून तिने बाजूच्या बाईला दाखवली, तिने तिच्या बाजूच्या बाईला. हॉलमध्ये असं गप्पगार झालं की तिळाचे लाडू चावल्याचा आवाज यायला लागला. पूर्वीची आई म्हणाली, "म्हणजे बाई, आमच्या घरात काय अंघोळी करत नाहीत का?" मी समजावायला गेले. जेवढं समजावलं तेवढं बिघडलं. दोघी लाडू न घेताच गेल्या. एकीने फणी टेबलावरच ठेवली, त्यामुळे एक उरली.

दमयंती सगळ्यात शेवटी आली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची भरगच्च वेणी. मला वाटलं, आता ही काय बोलते. पण तिने फणी बघितली आणि चक्क हसली. "चांगलीय," म्हणाली आणि पिशवीत टाकली.

मी तिला हळदीकुंकू लावलं. मग रीतीप्रमाणे ती मला लावायला पुढे झाली. मी उंचीने कमी, ती ताडमाड. तिची नजर माझ्या भांगावर गेली आणि बोट तसंच थांबलं. मग सावकाश कुंकू लावलं, माझ्या कानाजवळचे केस मागे सारल्यासारखं केलं, काहीतरी चिमटीत धरलं आणि मूठ मिटली.

"पाकळी होती बाई केसात," ती म्हणाली.

मी तर आज फूल माळलंच नव्हतं. तिच्याच वेणीतली पडली असेल.

जाताना हळूच म्हणाली, "रविवारी चारला माझा बाजार उठतो. घरी येता? एकट्याच या. ती उरलेली फणी पण आणा."

फॉर्मबद्दल बोलायचं असणार. मला वाटतं दहा तारखेच्या बोलण्याचं तिला वाईट वाटलंय. मोठ्या मनाने जावं. फणी कशाला हवी आहे ते मात्र कळलं नाही, एक दिली होती की.

रविवार, १९ जानेवारी

आजचं कसं लिहू? पण लिहायचंच, डॉक्टरांनी रागाचं सांगितलंय, लाजेलाही हाच इलाज असेल.

माझगावला दमयंतीचं घर शोधायला वेळ लागला. एकच मोठी खोली, झाडूनपुसून आरशासारखी. दारात दत्तू, तिचा नवरा, जाळ्याची दोरी गुंडाळत बसला होता. तिने त्याला म्हटलं, "जरा प्राचीला घेऊन मावशीकडे जा. तासभर येऊ नका." तो काही न विचारता पोरीला घेऊन गेला.

चहा झाला. मी फॉर्मचा विषय काढणार तोच तिने दार लोटलं, खिडकीतल्या उजेडात पाट मांडला, समोर पांढरा पंचा पसरला आणि म्हणाली, "बसा बाई. केस सोडा."

"कशाला?"

"बसा ना."

मी बसले. एकोणतीस वर्षं मी लोकांना बसा म्हणत आले, मला कोणी बसवलं नव्हतं. तिने उरलेली फणी घेतली आणि माझ्या मानेपासून वरपर्यंत एकदा फिरवली. पंच्यावर टपटप काहीतरी पडलं. मी चष्मा वर केला, वाकून बघितलं. पाच. चालत होत्या.

मी पाचही परत मोजल्या. मग मी म्हणाले, "मुलींकडून आल्या असतील."

दमयंतीने माझी एक बट उजेडात धरली. "हे बघा. लीख केसाच्या मुळाशी चिकटते. केस वाढतो तशी वर वर सरकते. ह्या दोन बोटं वर आल्यात. आताच्या नाहीत बाई, दिवाळीच्या आहेत."

दिवाळी. कणकवलीला भावाच्या दोन्ही मुली माझ्या कुशीत झोपायच्या, एकाच उशीवर. विहिरीच्या पाण्याला मी उगाच नावं ठेवली.

म्हणजे माझ्या डोक्यातून वर्गात. रोज सकाळी त्या कंगव्याने आधी मी केस विंचरायचे आणि मग बारा मुली. वर तपासणीच्या नावाखाली एकेकीच्या डोक्याला डोकं लावायचे. ज्या एका मुलीला मी कंगव्याला हात लावू दिला नाही आणि सगळ्यांपासून लांब बसवलं, तिच्या आईने उवा काढल्यावर तिला परत झाल्याच नाहीत. आणि मी समजत होते की माझा उपाय लागू पडला.

मला रडू आलं. शाळेत मुलं रडतात तसं, नाक ओढत. दमयंती फणी फिरवत राहिली.

"शुक्रवारी तुम्हाला दिसली होती ना?" मी विचारलं. "ती पाकळी?"

"हो."

"मग तिथंच का नाही बोललात? मी तुमच्या पोरीला सगळ्यांसमोर बोलले होते. तुम्ही बोलला असतात तर बरोबरच होतं."

तिने एक ऊ दोन्ही अंगठ्यांच्या नखांत चिरडली, तिचा बारीकसा आवाज झाला. मग म्हणाली, "मनात आलेलं. खोटं कशाला बोलू. तोंडावर आलेलं. पण सगळ्यांसमोर बोललं की माणसाचं काय होतं, ते मी दोन आठवडे घरात बघतेय ना बाई. परत कोणाचं कशाला करू?"

पावणेदोन तास लागले. शेवटी तिने औषध लावलं आणि सांगितलं, आठ दिवसांनी परत लावायचं, तोवर लिखांतून नवी पिल्लं निघतात. निघताना मी तिला वाकून नमस्कार करायला गेले तर तिने हात धरले. "बाई, मला नको. पोरीचं बघा."

फॉर्म कपाटावर ठेवलेला दिसला. वर पेपरवेट म्हणून एक मोठा शंख होता. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. तो हक्क माझा राहिला नव्हता.

सुशांतला सांगितलं. तो म्हणाला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मग आपणहून उशी आत आणतो म्हणाला, पण आठ दिवसांनी, दुसरं औषध झाल्यावर. केवढा समजूतदार आहे.

सोमवार, २० जानेवारी

परिपाठ झाल्याबरोबर मी कोपऱ्यातला कंगवा काढला आणि केराच्या डब्यात टाकला.

मी म्हणाले, "मुलांनो, आपल्या वर्गात उवा प्राचीमुळे आल्या नाहीत. माझ्या डोक्यात होत्या. दिवाळीपासून. माझ्याकडून तुमच्याकडे आल्या. मला कळलं नाही, आणि मी प्राचीला सगळ्यांसमोर बोलले, वेगळं बसवलं, तुम्ही तिला हसलात तेव्हा मलाही हसू आलं. ते फार वाईट होतं. प्राची, माझं चुकलं. मला माफ करशील का?"

पूर्वीचा हात वर. "बाई, मग आता तुम्ही मागे बसणार? पंधरा दिवस?"

"हो," मी म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही आणि आता वाटतं, बरोबरच सुचलं. प्राचीला पुढे तिच्या जागेवर बसायला सांगितलं आणि हजेरीचं पुस्तक घेऊन मी मागच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. तिथून फळ्याचा डावा कोपरा दिसतच नाही, उन्हाची तिरीप येते. दोन आठवडे त्या पोरीने मला एकदाही सांगितलं नाही.

प्राचीने अजून उत्तर दिलं नव्हतं. सगळी मुलं वळून तिच्याकडे बघत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आईने सांगितलंय, तुम्ही विचारलं तर हो बोलायचं. पण मी उद्या सांगते."

मी म्हटलं, चालेल.

सगळ्या आयांना वहीत चिठ्ठी लिहिली, सुरुवात माझ्या डोक्यापासून केली. येत्या रविवारी सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, आठ दिवसांनी परत. शाळा सुटल्यावर पूर्वीच्या आईचा फोन आला. आता ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "बाई, माझ्यापण डोक्यात आहेत. कोणाला सांगू नका." पाठोपाठ आणखी तिघींचे फोन. चौघींचंही मागणं तेच, कोणाला सांगू नका.

मोठ्या बाई म्हणाल्या, कंगवा नसलेला स्वच्छता कोपरा तपासनीसांना कसा दाखवायचा? मी म्हटलं, बघू. नंबराचं आज मला खरंच काही वाटत नाहीये. मला उद्याचं वाटतंय. नऊ वर्षांची पोर काय सांगेल, याची एवढी धास्ती मला कधी वाटली नव्हती. ती मनापासून नाही म्हणाली, तर तेही मला मान्य करावं लागेल.

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळपासून मी मागच्या बाकावर. प्राची आली, जागेवर बसली. माझ्याकडे बघितलं नाही. पहिला तास, दुसरा तास, तिसरा तास. सुविचार लिहायला खडू पुढे केला तर घेतला, लिहिला, परत जाऊन बसली. ओळी सरळ.

मधली सुट्टी झाली. मुलं डबे घेऊन गोल करून बसली. मी चपाती-भाजी उघडली. मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात बाकापाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"बाई, सरका."

मी सरकले. जेवढं सरकता आलं तेवढं सरकले, खिडकीच्या गजाला खांदा लागेपर्यंत. प्राची शेजारी बसली आणि डबा उघडला. भाकरी आणि सुका जवळा, कांदा घालून परतलेला. वर्गभर वास सुटला. डब्यात मच्छी आणायची नाही, हा नियम मीच केलेला आहे, चार वर्षांपूर्वी, तपासणीच्याच निमित्ताने. दारावर लावलेला कागदही माझ्याच हस्ताक्षरातला.

समोरून पूर्वी ओरडली, "बाई, प्राचीने मच्छी आणली."

"दिसतंय मला," मी म्हणाले. "तू जेव."

प्राचीने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर जवळा घेतला आणि खायला लागली. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "प्राची, काल म्हणालीस ना, उद्या सांगते?"

तिने तोंडातला घास संपवला.

"सांगितलं ना," ती म्हणाली आणि डबा आमच्या दोघींच्या मधोमध ठेवला.